घडणावळ कुठे गेली?

पत्र : ताई, मी बेळगावच्या वडगावची. डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात खाली माग, वर आम्ही. खण आणि पितळी तार वापरून मी बुगड्या आणि कानातली करते, कॉलेजमध्ये आणि इन्स्टाग्रामवर विकते. गौरी-गणपतीत 46 जोड केले. त्याच आठवड्यात सबमिशन होतं, ते राहिलं, आता बॅकलॉग बसलाय. गिऱ्हाइकं म्हणतात, एवढ्यात पांगुळ गल्लीच्या बाजारात तीन जोड येतात. आत्या-मावशा तर पैशाचं नावच काढत नाहीत. एका मुलीचे कान सुजले. आता बाजारातला एक दुकानदार 100 जोड मागतोय, 70 रुपये जोडीने, पण पाकिटावर माझं नाव नको म्हणतो. पप्पा म्हणतात डिग्री पुरी कर. मम्मी गप्प आहे. मला वाटतं कॉलेज सोडून पूर्ण वेळ हेच करावं. सोबत हिशेब पाठवतेय. काय करू?

उत्तर : अगं, हिशेबाच्या वहीचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. पत्रात माणूस सांगायचं तेवढंच सांगतो, वहीत मात्र सगळं सापडतं.

तुझं पान असं आहे. 40 जोड विकले, 120 रुपयांनी, जमा 4,800. सामान 46 जोडांचं, जोडाला 46 रुपये, खर्च 2,116. खाली दोन रेघा मारून लिहिलंयस, नफा 2,684, आणि पुढे एक हसरा चेहरा. मग मी फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलंय, ‘मम्मी 720’. म्हणजे 12 पार्सलांच्या कुरिअरचे पैसे आईकडून घेतलेस आणि हिशेबात धरलेच नाहीस. ते वजा केले की उरतात 1,964. तूच लिहिलंयस की एका जोडाला सव्वा तास जातो, कधी थोडा कमी. आपण एक तास दहा मिनिटं धरू. 46 जोडांचे होतात जवळजवळ 54 तास. खण आणि तार आणायला जाणं, फोटो काढणं, रात्री अकरा वाजता ‘प्राइस प्लीज’ला उत्तर देत बसणं, याचे बारा तास तरी धर. भागाकार केलास तर तासाला 30 रुपयेही पडत नाहीत. त्यात बॅकलॉग.

आई गप्प आहे असं तू लिहितेस. मला वाटतं तिने हा भागाकार तोंडीच करून ठेवलाय.

मी पटवेकऱ्याची मुलगी. आमचं घर शहापूरला, सराफ गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. सोनाराने मणी, वाट्या, पुतळ्या घडवून दिल्या की लोक ते सुटं सोनं रुमालात बांधून माझ्या वडिलांकडे यायचे, गाठवून घ्यायला. वडील पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून गोफ विणायचे, ठुशी गाठायचे, मागे गोंडा आणि सरफासा करून द्यायचे. सोनाराकडे घडणावळ मुकाट मोजून आलेल्या बायका आमच्या ओट्यावर पाच रुपयांसाठी हुज्जत घालायच्या. का? तर सोनाराच्या हातात सोनं दिसतं, आमच्या हातात नुसता दोरा. एकदा एक बाई म्हणाल्या, “एवढं काय असतंय हो त्यात, दोराच तर हाय.” वडिलांनी सगळे मणी परत त्यांच्या रुमालात ओतले, वर रेशमाची एक लडी ठेवली आणि म्हणाले, “मग तुम्हीच गाठा की बाई.” बाई दहा मिनिटं बसल्या, सहा मणी ओवले, त्यातले दोन ओट्याखाली गेले. पुढे दर श्रावणात त्या यायच्या आणि न विचारता पैसे ठेवायच्या.

तुझ्या वहीत सामान आहे, गिऱ्हाईक आहे, कुरिअरसुद्धा आहे, पेन्सिलीने का होईना. घडणावळीचा रकानाच नाही. तुझे बाकीचे सगळे प्रश्न मला या एका रिकाम्या रकान्यातून आलेले दिसतात, म्हणून आधी तो भरू.

तासाची मजुरी तूच ठरव. पप्पांना विचार, मागावर बसणाऱ्या माणसाला आज दिवसाचं काय पडतं, आणि त्याहून कमी लावू नकोस, कारण तुझंही काम हाताचंच आहे. समज, तू तासाला 80 रुपये धरलेस. आता एकेक जोड पहिल्यापासून शेवटपर्यंत करण्याची सवय सोड. एक दिवस नुसती तार वळायची, वीस जोडांची. एक दिवस नुसता खण कापायचा. सोनाराच्या दुकानात असंच चालतं. तारपट्टीतून तार ओढायला बसला की तो दिवसभराची ओढून ठेवतो. वेळ पाऊण तासावर येईल, म्हणजे घडणावळ 60. सामान 46. डबी, मोडतोड, पक्कड-करवतीची झीज, फोटो आणि निरोपांचा वेळ, हे सगळं मिळून 34 धर. झाले 140. हा तुला पडणारा भाव आहे. विकायचा भाव यापेक्षा बराच वर हवा, कारण उद्या तो जोड दुकानात ठेवलास तर दुकानदारालाही त्यातून हिस्सा द्यावा लागेल, आणि दहातला एखादा जोड पडूनही राहील. माझं ऐकशील तर 260 लाव. कुरिअर वेगळं.

आता तुझ्या पोटात गोळा आला असणार. 120 ला घासाघीस करतात, 260 कोण देणार? जी 120 ला घासाघीस करते ती 90 लाही करेल. तिला पांगुळ गल्लीतच जाऊ दे. तिथला माल साच्यातून निघतो, पोत्याने येतो, आणि स्वस्त असतो यात त्या दुकानदारांची काही चूक नाही. मीही तिथूनच पिना आणि बांगड्या आणते. पण त्या मालाशी भावात झुंजायला तू गेलीस तर तू हरणार, कारण साच्याला झोप लागत नाही आणि सबमिशनही नसतं.

तुझ्याकडे काय आहे ते तुझ्या एका फोटोत मला दिसलं. करवंदाएवढी बुगडी, पितळी तारेची चौकट, आत गुळेदगुड्डचा खण, आणि तो असा कापलाय की खणाच्या विणीतलं एकच बारीक फूल बरोबर मधोमध येतं. हे विणकराच्या घरातल्या मुलीलाच सुचतं. कापडाचा उभा धागा कुठे जातो हे तुला न बघता कळतं. त्या फोटोखाली तू लिहिलंस काय? ‘हॅण्डमेड विथ लव्ह, डीएम फॉर प्राइस’. अगं, खण कुठला, किती वेळ लागला, चौकट कशी वळली, ते लिही. मराठीत लिही आणि खाली दोन ओळी कानडीत. वडगावात तुला कानडी लिहून देणारी मैत्रीण दहा पावलांवर मिळेल. बुगडी हा शब्द दोन्ही भाषांत चालतो आणि तो दागिना दोन्हीकडच्या आज्यांच्या कानांत होता. गिऱ्हाईक धारवाडचं असो की कोल्हापूरचं, तिला तो समजावून सांगावा लागत नाही. आणि किंमत फोटोखालीच लिही. लपवलेली किंमत घासाघिशीला आवतण देते.

आता तो दुकानदार. 70 रुपयांतून 46 सामानाचे गेले, उरले 24, आणि काम एक तास दहा मिनिटांचं. सामान घाऊक घेतलंस तर आठेक रुपये वाचतील, उरतील 32. 100 जोड म्हणजे पूर्ण दिवाळी त्याच्याकडे गहाण. पण आकड्यांपेक्षा एक गोष्ट मला जास्त खटकली. तुमच्या गल्लीत मजुरीवर विणणारी घरं तुला माहीत आहेत. सूत मालकाचं, डिझाइन मालकाचं, आपण विणून द्यायचं आणि नगावर मजुरी घ्यायची. त्यात पैसा कमी, पण निदान सुताची जोखीम विणकराची नसते. हा गृहस्थ म्हणतोय, सामान तुझं, डिझाइन तुझं, मजुरी तुझी, नाव माझं. पप्पांना ही ऑर्डर याच शब्दांत सांगून बघ. ते काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय, छापता येणार नाही इतकंच.

तरीही त्याला तोडून टाकू नकोस. बाजारातलं दुकान म्हणजे गोव्याहून खरेदीला येणारी माणसं, लग्नाचा बस्ता बांधायला आलेली कुटुंबं, हे गिऱ्हाईक तुझ्या मोबाइलपर्यंत कधी येणार नाही. त्याला सांग, “काका, 20 जोड देते. 180 रुपये जोड, निम्मे पैसे आधी, माझ्या नावाचं कार्ड डबीत राहणार. वीस खपले तर पुढचे वीस.” तो हसेल, चहा पाजेल, नाही म्हणेल. कदाचित दोन आठवड्यांनी फोन करेल. नाही केला तरी तुझं काही गेलं नाही.

‘विकलं की पैसे देतो’ म्हणाला तर मात्र तिथून उठ. हे मी अनुभवाने सांगतेय. तरुणपणी मी रेशमी दोऱ्याच्या माळा करायचे. एका मोठ्या दुकानात 30 माळा ठेवून आले, कागद नाही, सही नाही. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, मी आपली फेऱ्या मारतेय. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत 22 माळा परत मिळाल्या. शोकेसच्या काचेत उन्हाने विटलेल्या, राणी रंगाची पार पांढुरकी गुलाबी झालेली. उरलेल्या आठांचं काय, तर “बघून सांगतो.” अजून बघतायत.

कान सुजलेल्या मुलीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, मला वाटतं लाज वाटली म्हणून. पण ही गोष्ट सगळ्यांत आधी निस्तर. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त हुकांवर बहुतेक वेळा निकेलचा मुलामा असतो किंवा धातूतच निकेल मिसळलेलं असतं. काही जणींच्या कातडीला ते चालत नाही. खाज, लाली, पाणी येणं हे एक-दोन दिवसांत सुरू होतं. आणि जर्मन सिल्व्हरच्या नावाला भुलू नकोस, त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल, एवढंच. कानाच्या भोकातून जाणारा भाग 925 चांदीचा घे, म्हणजे ज्यात 92.5 टक्के चांदी असते, किंवा सर्जिकल स्टीलचा. न टोचलेल्या कानाला चिमट्यासारखा धरतो त्या बुगडीच्या दाबाला कातडीकडच्या बाजूने पातळ चांदीची टिकली लाव. ठुशी-बुगडी करणारा शहापुरातला कोणताही कारागीर झाळून, म्हणजे डाख देऊन जोडून देईल. जोडामागे खर्च वाढेल, तो किमतीत धर. चौकटीच्या पितळेने घामात कातडीला हिरवट डाग पडतो, तो धुतला की जातो. पण हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं बरं.

त्या मुलीला आजच फोन कर, मेसेज नको. पैसे परत दे आणि कान दाखवून घे म्हण. चांदीच्या हुकाचा दुसरा जोड नंतर दे.

जाता जाता आणखी एक. खण तू पांढऱ्या गोंदाने चिकटवतेस असं फोटोवरून वाटतं. आपल्याकडे भाद्रपदातसुद्धा भिंतींना ओल असते, त्या हवेत तो गोंद नरम पडतो आणि कडा सुटतात. पातळ पत्र्यावर खण ओढून मागून टाके घाल. वेळ लागेल, पण पुढच्या वर्षी कुणी उसवलेली बुगडी घेऊन येणार नाही.

कॉलेज. सोडू नकोस, आणि ‘पप्पा म्हणतात म्हणून’ नको. तुझ्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पॉलिशची मोटर असेल, करवती असतील, चुकलेला पत्रा फेकून नवा मागायची सोय असेल, आणि चुकलं तर शिव्या देणारं कुणीतरी असेल. बाहेर पडलीस की यातली एकेक गोष्ट स्वतःच्या पैशाने घ्यावी लागेल. आत्ता फी भरलेली आहे आणि तू ती बाजू वापरतच नाहीस. रात्री घरी चोरून दागिने, दिवसा कॉलेजात जांभया. उलट कर. बुगडी हाच प्रोजेक्ट म्हणून घे. गाईडला सांग की मला सीमाभागातले कानातले दागिने करायचेत, दोन्ही भाषांतल्या घरांत जाऊन आज्यांच्या पेट्या बघायच्यात. ज्युरीसाठी, म्हणजे परीक्षकांपुढे मांडायला जे करशील तेच पुढे विकशील.

आणि सुटीत हुपरीला जा. निपाणी, कागल करत एसटीने जाता येतं. चांदीच्या पैंजणांचं गाव आहे ते. एक पैंजण किती हातांतून जातं बघ. कुणी नुसत्या कड्या करतो, कुणी नुसत्या झाळतो, कुणाच्या घरात फक्त घुंगरू. तासाची किंमत तिथे लवकर कळेल. शहापूरला मी तुला एक-दोन घरं दाखवीन. सराफ गल्लीत आता बरेच कारागीर बंगाली आहेत, हाताने फार सफाईदार. माझ्या लहानपणी तिथे झारेकरी यायचे, सोनारांच्या दारातली धूळ आणि गटारातला गाळ धुऊन त्यातला सोन्याचा कण काढायचे. सोनार त्या धुळीचेही पैसे घ्यायचा. तू तर तुझे 54 तास झाडून टाकलेस.

बॅकलॉग काढायला एक वेळापत्रक हवं, तेही सोपं. सबमिशनच्या दहा दिवस आधी ऑर्डर बंद. पेजवर तशी पाटी लावायची. महिन्याला 20 जोड, एकविसावी आली की पुढच्या महिन्यात. तू फोन खाली ठेवलास म्हणून कुणाची गौर बुगडीवाचून अडत नाही.

आत्या-मावशांचं फार मनाला लावून घेऊ नकोस. “आमचीच पोरगी तू, आमच्याकडून काय पैसे घेतीस काय गं?” हे वाक्य प्रत्येक घरात आहे. पहिला जोड भेट दे, हौसेने दे. दुसऱ्याला म्हण, “आत्या, सामानाचे तेवढे द्या की.” तिसरा त्या बहुतेक मागणारच नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपल्या भागात मामाचं गाव म्हणजे परराज्य. चंदगडला पार्सल पाठवलं की ती दुसऱ्या राज्यातली विक्री, आणि एरवी अशा विक्रीला जीएसटीची नोंदणी लागते, उलाढाल कितीही लहान असो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना मर्यादेपर्यंत सूट आहे, हाताने केलेले नकली दागिने त्या यादीत येतात, पण पॅन हवं आणि माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाचाही नियम आहे. ओळखीच्या सीएकडे एक तास बस. डिझाइन कुणी उचललं तर काय, असं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. डिझाइन्स कायदा, 2000 खाली नोंदणी केली तर 10 वर्षं संरक्षण मिळतं, पुढे 5 वर्षं वाढवता येतं. अट अशी की नोंदणीचा अर्ज करण्याआधी नमुना कुठेही जाहीर झालेला नसावा. म्हणजे जे इन्स्टाग्रामवर टाकून मोकळी झालीस त्याची आशा सोड, आणि ज्युरीसाठी जे नवं करशील ते आधी गाईडला दाखव, नोंदणीचा अर्ज कर, मग जगाला दाखव.

माझा डावा कान वरून टोचलेला आहे, सातवीत असताना सोनाराकडूनच. उजव्याचं भोक केव्हाच बुजलं. तेव्हा एक बुगडी काडीची कर आणि एक दाबाची, चांदीच्या टिकलीसकट. खण हिरवा, काठ लाल. चांदीचे वर काय होतील ते 260 मध्ये मिळवून सांग. कुरिअर करू नकोस, पुढच्या रविवारी मी वडगावला येतेच आहे. तोपर्यंत आईचे 720 देऊन टाक.